बेसॉल्टचा एक्लोगाइट कसा होतो आणि हातातला दगड एक्लोगाइटच आहे हे कसं ठरवायचं

माझ्या टेबलावर दोन दगड कायम शेजारी शेजारी असतात. एक पुण्याजवळच्या खडीच्या खाणीतला साधा काळा पाषाण, म्हणजे आपला बेसॉल्ट. दुसरा हिरवट, अंगावर डाळिंबाच्या दाण्यांसारखे तांबडे ठिपके असलेला. आकार दोघांचा सारखाच. भूशास्त्र शिकायला आलेल्या मुलांना मी आधी काहीच सांगत नाही, दोन हातांत दोन दगड देतो. हिरवा दगड घेतलेला हात लगेच खाली जातो. मग मी त्यांना दोघांच्या रासायनिक विश्लेषणाचे आकडे दाखवतो: सिलिका, अॅल्युमिना, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम. आकडे जवळपास जुळतात. माल तोच आहे, पण दुसऱ्या दगडात तो दाबाखाली नव्याने रचला गेलाय.

तो दुसरा दगड म्हणजे एक्लोगाइट, अति दाबाखाली तयार होणारा रूपांतरित खडक. तो ओळखायचा कसा, तो तयार कसा झाला हे त्याच्याच अंगावरून वाचायचं कसं आणि आपल्या देशात तो पाहायचा असेल तर कुठे जायचं, हे सगळं मी वर्गात ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने इथे लिहितोय. महागडं उपकरण पहिल्या चार पायऱ्यांपर्यंत लागत नाही.

आधी नाव समजून घ्या

एक्लोगाइट हे नाव रने ज्युस्त आउई या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने 1822 मध्ये दिलं. ग्रीक भाषेत एक्लोगे म्हणजे निवड. नेहमीच्या खडकांत एकमेकांच्या सोबतीला न दिसणारी खनिजं इथे जणू कोणी निवडून एकत्र आणली आहेत, असा त्या नावाचा भाव.

ही खनिजं मुख्यतः दोन. तांबडं ते गार्नेट. हिरवं ते ओम्फासाइट, पायरॉक्सीन कुळातलं सोडियमयुक्त खनिज. त्याचं नाव वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने कच्च्या द्राक्षासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ठेवलं. नाशिककडे डिसेंबरात द्राक्षाचे मणी अजून आंबट असतात, तेव्हाचा त्यांचा हिरवा डोळ्यांसमोर आणा. तोच हा रंग.

व्याख्या अशी, की खडकात गार्नेट आणि ओम्फासाइट मिळून किमान 75 टक्के असावेत, दोघांपैकी एकानेच 75 टक्क्यांहून जास्त जागा व्यापलेली नसावी आणि प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, म्हणजे बेसॉल्टमधलं नेहमीचं पांढरट खनिज, अजिबात नसावं. या शेवटच्या अटीकडे आपण तिसऱ्या पायरीत येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे.

पायरी 1: दगड काट्यावर घाला

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा दगड किती पट जड, हे काढायला प्रयोगशाळा लागते, असा अनेकांचा समज असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक पातेलं आणि हातभर दोरा एवढ्यावर काम होतं.

दगड ब्रशने घासून धुवा, पूर्ण वाळवा आणि नुसता काट्यावर ठेवून वजन घ्या. समजा 412 ग्रॅम आलं. आता पातेल्यात पाणी भरून ते काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधा आणि तो हाताने धरून पाण्यात सोडा, असा की पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला कुठेच टेकणार नाही. काट्यावर जो आकडा दिसेल तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा दगडाने घेतली. पाण्याचं एक ग्रॅम म्हणजे एक घनसेंटीमीटर, म्हणून हाच दगडाचा आकारमानाचा आकडा. तो 119 आला तर 412 भागिले 119, म्हणजे 3.46. तेवढ्याच वजनाच्या बेसॉल्टला 142 च्या आसपास आकडा येईल, म्हणजे 2.90.

तीनदा करून सरासरी घ्या. हात थरथरला तर आकडा नाचतो, म्हणून मी दोरा एका पट्टीला बांधून पट्टी दोन डब्यांवर आडवी ठेवतो. डबे काट्याच्या बाहेर हवेत. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाका. सह्याद्रीतला सच्छिद्र बेसॉल्ट घेतला तर आकडा बराच खाली येईल, तेव्हा तुलनेसाठी भरीव, छिद्रं नसलेला तुकडा निवडा.

एक्लोगाइटचं गुरुत्व साधारण 3.3 ते 3.6 च्या दरम्यान असतं. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. ऑलिव्हीनने भरलेला पेरिडोटाइटही 3.3 च्या घरात जातो, आणि लोहखनिजं तर याहून खूप जड असतात. लोहचुंबक जोरात चिकटला किंवा गुरुत्व 4 च्या वर गेलं, तर तुमच्या हातात दुसरंच काहीतरी आहे.

पायरी 2: ताजा भंग आणि भिंग

बाहेरची झीज झालेली कातडी फसवते. तिच्यावर गंजाचा तपकिरी थर असतो आणि ओम्फासाइटचा हिरवा मरून राखाडी झालेला असतो. डोळ्यांना गॉगल लावा, दगड दुसऱ्या दगडावर टेकवा आणि भूशास्त्राच्या हातोड्याने एक कोपरा उडवा. एक्लोगाइट फार चिवट असतो. पहिल्या घावाला हातोडा उसळला तर त्याचीही नोंद करा, कारण ती या खडकाची खूण आहे. ताजा भंग ओला करा आणि उन्हात दहापट भिंगाने बघा. भिंग डोळ्याला लावायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा. उलटं केलं तर काही दिसत नाही.

गार्नेट गोलसर किंवा बारा पैलूंचं दिसतं. त्याला पाटन, म्हणजे ठरावीक दिशेने सपाट फुटायची सवय, नाही, म्हणून ते फुटतं तेव्हा सपाट आरसा न दिसता काचेसारखा वेडावाकडा भंग दिसतो. चाकूने ओरखडत नाही, उलट काचेवर चरा पाडतं. ओम्फासाइटचे दाणे आखूड, खांबासारखे असतात. त्यांना दोन दिशांनी पाटन असतं आणि त्या दोन दिशा जवळपास काटकोनात भेटतात. दगड उन्हात हळूहळू फिरवा. एकेका दाण्याचा सपाट पृष्ठभाग क्षणभर चमकेल आणि विझेल. दोन चमकांमधला कोन अंदाजाने टिपायची सवय करा, पुढे कामाला येईल.

यांच्याशिवाय क्वार्ट्झचे म्हणजे गारगोटीचे स्वच्छ ठिपके, फिकट निळसर पात्यांसारखं कायनाइट, रुपेरी अभ्रकाचे पापुद्रे आणि रुटाइलचे तांबूस तपकिरी कण दिसू शकतात. सगळे एकाच नमुन्यात दिसतीलच असं नाही.

पायरी 3: जे नसायला हवं ते शोधा

विद्यार्थी इथेच चुकतात. तांबडं आणि हिरवं दिसलं की ते खूश होतात आणि वहीत एक्लोगाइट लिहून मोकळे होतात. तांबड्या-हिरव्या जोडीचे इतरही खडक आहेत.

गार्नेट अँफिबोलाइट हा सगळ्यात मोठा तोतया. त्यातलं हिरवं खनिज म्हणजे हॉर्नब्लेंड, काळपट हिरवं, लांबट आणि जास्त चकाकणारं. त्याच्या दोन पाटनांमधला कोन सुमारे 56 आणि 124 अंशांचा, काटकोनापासून खूपच लांब. मघाशी कोन टिपायला सांगितला तो यासाठी. शिवाय दाण्यांच्या मध्ये पांढरं फेल्डस्पार असतं. गार्नेट ग्रॅन्युलाइट या खूप तापून बदललेल्या खडकामध्येही हे पांढरं खनिज असतंच. चुनखडकाशेजारी तप्त शिलारसाने भाजून तयार झालेल्या स्कार्न खडकात गार्नेट आणि हिरवं पायरॉक्सीन दोन्ही असतात, पण त्यात बहुधा कॅल्साइट सापडतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. एक्लोगाइटमध्ये एखाद्या भेगेत कार्बोनेट असेल तर तेवढंच, बाकी थेंब शांत बसतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक सूचना. नागपूर, भंडारा भागात मँगनीजच्या पट्ट्यात गार्नेटने भरलेला जो खडक मिळतो तो गोंडाइट. त्यातलं गार्नेट मँगनीजचं, स्पेसार्टीन, आणि जोडीला क्वार्ट्झ. तो एक्लोगाइट नव्हे. गोंड समाजाच्या नावावरून हे नाव देणारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे लुईस ली फर्मोर यांनीच पुढे, 1913 च्या सुमारास, गार्नेट हा भूगर्भातला दाबमापक आहे आणि आपल्या पायाखाली खोलवर बेसॉल्टच्या मालाचं गार्नेटयुक्त जड रूप असलं पाहिजे, असा विचार मांडला. ना तेव्हा उच्च दाबाच्या भट्ट्या होत्या, ना भूपट्टांचा सिद्धांत. मँगनीजचे खडक तपासता तपासता हा माणूस तिथवर पोहोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर कसोटी ही: पांढऱ्या, पाटन असलेल्या, दुधी फेल्डस्पारचा एक दाणा जरी खडकाच्या मूळ वीणीत बसलेला दिसला, तर तो खडक एक्लोगाइट नाही, किंवा एक्लोगाइट होता पण आता पूर्ण राहिलेला नाही. या दुसऱ्या शक्यतेकडे पायरी 6 मध्ये येतो.

फेल्डस्पार जातं कुठे?

इथे पायऱ्या थोड्या थांबवतो. हे समजलं नाही तर बाकीचं नुसतं पाठांतर होतं.

बेसॉल्टमध्ये निम्म्याच्या आसपास प्लॅजिओक्लेज असतं. त्यातला सोडियमचा भाग म्हणजे अल्बाइट. त्याची स्फटिकी जाळी ऐसपैस, अणूंमध्ये मोकळी जागा बरीच. दाब वाढत गेला की ही चैन परवडत नाही. अल्बाइट मोडतं आणि त्याचं जेडाइट, म्हणजे सोडियमचं दाट पायरॉक्सीन, आणि क्वार्ट्झ होतं. आकारमानाचा हिशेब बघा. एक मोल अल्बाइटला सुमारे 100 घनसेंटीमीटर जागा लागते. त्यातून निघालेल्या जेडाइटला 60 आणि क्वार्ट्झला 23, म्हणजे मिळून 83. तोच माल सतरा टक्के कमी जागेत बसला. 600 अंश सेल्सिअसला ही अदलाबदल सुमारे 1.6 गीगापास्कल दाबाला होते (एक गीगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट).

प्रत्यक्ष खडकात हे जेडाइट वेगळं राहत नाही. ते आधीपासून असलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या पायरॉक्सीनमध्ये मिसळतं, आणि या मिश्रणालाच आपण ओम्फासाइट म्हणतो. मिश्रणात बसायची सोय असल्यामुळे ही प्रक्रिया शुद्ध जेडाइटला लागणाऱ्या दाबाच्या आधीच सुरू होते. प्लॅजिओक्लेजमधला कॅल्शियमचा भाग गार्नेटमध्ये जातो, थोडा कायनाइट आणि झोइसाइटमध्ये. अशी फेल्डस्पारची दोन्ही अंगं दोन घरी वाटली जातात आणि खडकात ते उरत नाही. म्हणून फेल्डस्पार नसणं हाच दाबाचा पुरावा.

हा दाब किती खोलीवर मिळतो, ते वहीच्या कोपऱ्यात काढता येतं. घनता गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले खोली. कवचातल्या खडकाची घनता घनमीटरला 2800 किलो धरली तर एक किलोमीटरला 27 मेगापास्कल येतात, म्हणजे एका गीगापास्कलला सुमारे 36 किलोमीटर. एक्लोगाइटला साधारण 1.2 गीगापास्कलच्या वर दाब लागतो. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर खोली ही किमान अट झाली.

नुसत्या खोलीवर भागत नाही, तापमानही बघावं लागतं. खंडांच्या कवचाच्या वरच्या भागात खाली जाताना साधारण दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश वाढतात. महासागरी भूपट्ट जिथे दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो तिथे थंड खडक इतक्या वेगाने खाली जातो की त्याला तापायला सवड मिळत नाही. तिथे ही वाढ दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. या थंड वाटेवर आधी नीलशिस्ट तयार होतो, निळ्या ग्लॉकोफेनमुळे निळसर दिसणारा. ग्लॉकोफेन हे नाव ग्रीसमधल्या सिरोस बेटावरच्या नमुन्यांवरून 1845 मध्ये पडलं. तिथे आजही निळा खडक आणि त्यातला एक्लोगाइट समुद्रकाठी जवळजवळ बघायला मिळतात. आणखी खोल गेलं की ग्लॉकोफेन आपल्यातलं पाणी सोडून मोडतं आणि एक्लोगाइट उरतो. सुटलेलं पाणी वर प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, शिरतं, तिथला वितळबिंदू खाली आणतं आणि त्यातून ज्वालामुखींच्या रांगा उभ्या राहतात. खाली राहिलेला एक्लोगाइट भोवतालच्या प्रावरणापेक्षा जड असल्यामुळे आपल्यामागचा भूपट्ट खाली ओढतो. भूपट्ट हलवणाऱ्या बळांमध्ये ही ओढ मोठी मानली जाते.

पायरी 4: पाणी कुठून आलं ते बघा

दाब आणि तापमान मिळालं तरी रूपांतर आपोआप होत नाही. नॉर्वेत बर्गनजवळच्या होल्सनय बेटावर हे इतकं स्पष्ट दिसतं की भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याचे फोटो तरी पाहायलाच हवेत. तिथला जुना, कोरडा ग्रॅन्युलाइट एक्लोगाइटच्या खोलीपर्यंत गेला, पण बहुतांश तसाच राहिला. एक्लोगाइट झाला तो जिथे भेगा पडल्या आणि भेगांतून पाणी शिरलं तिथेच. भेगेच्या दोन्ही बाजूंना काही सेंटीमीटर हिरवा पट्टा, आणि त्यापलीकडे खडक जणू काही घडलंच नाही असा.

म्हणून नमुना पाहताना नुसता तुकडा पाहू नका, शिरा बघा. क्वार्ट्झची, अभ्रकाची शीर कुठून जाते आणि तिच्या काठावर दाणे मोठे झालेत का, हे मोजून लिहा. पाणी लाभलेल्या जागी अणूंना हलायला वाट मिळते आणि स्फटिक वाढतात.

पायरी 5: गार्नेटच्या पोटात बघा

इथून पुढे पातळ छेद लागतो. खडकाची चकती काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटरपर्यंत घासायची. हे काम महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन ध्रुवकांच्या (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये गार्नेट पूर्ण काळं दिसतं, काचपट्टी कितीही फिरवा. ओम्फासाइट रंगीत होतं.

गार्नेट आतून बाहेर वाढतं, झाडाच्या खोडासारखं. वाढताना जे कण वाटेत आले ते गिळून टाकतं आणि नंतर बाहेरच्या बदलांपासून सांभाळतं. गाभ्याजवळ ग्लॉकोफेनचे कण सापडले तर गार्नेट वाढायला लागलं तेव्हा खडक नीलशिस्टच्या वाटेवर होता. कडेजवळ ओम्फासाइट आणि रुटाइल सापडले तर तोवर तो एक्लोगाइटच्या खोलीत पोहोचला. मँगनीज बहुधा गाभ्यात जास्त असतं आणि कडेकडे घटत जातं, कारण वाढणारं गार्नेट ते आधीच ओढून घेतं.

आता या अभ्यासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. गार्नेटच्या आत कधीकधी क्वार्ट्झचा एक कण दिसतो आणि त्याच्याभोवती सूर्याच्या किरणांसारख्या भेगा पसरलेल्या असतात. तो कण आत शिरला तेव्हा क्वार्ट्झ नव्हता, कोएसाइट होता. सिलिकाचं हे दाट रूप लोरिंग कोएस यांनी 1953 मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. पुढे ते उल्काविवरात सापडलं. पृथ्वीच्या कवचातला खडक स्वतःहून इतक्या खोल जाऊन परत येईल, असं मात्र फारसं कोणी धरून चाललं नव्हतं. 1984 मध्ये ख्रिश्चन शोपाँ यांनी पश्चिम आल्प्समधल्या दोरा माइरा इथे आणि डेव्हिड स्मिथ यांनी नॉर्वेत कोएसाइट शोधून काढलं, आणि तो समज गेला.

कोएसाइटची घनता 2.92, क्वार्ट्झची 2.65. खडक वर येताना दाब उतरतो, कोएसाइटचं क्वार्ट्झ होतं आणि त्याला सुमारे दहा टक्के जास्त जागा हवी असते. भोवती कडक गार्नेटची कोठडी. कण फुगतो आणि कोठडी तडकते. सूर्यकिरणांसारख्या त्या भेगा म्हणजे हेच. कधीकधी कणाच्या मधोमध मूळ कोएसाइटचा ठिपका अजून शाबूत असतो. रामन वर्णपटात, म्हणजे कणावर लेसर टाकून परत आलेल्या प्रकाशाच्या आलेखात, त्याची खूण 521 च्या रेषेवर मिळते, क्वार्ट्झची 464 वर. भेगा दिसल्या की लगेच कोएसाइट जाहीर करू नका. रामनवर रेषा येईपर्यंत ती फक्त शंका असते. रेषा आली तर मात्र दाब निदान 2.7 गीगापास्कल होता, म्हणजे खडक नव्वद किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल जाऊन आला.

पायरी 6: परतीच्या खुणा

वर येणाऱ्या एक्लोगाइटला पाणी भेटलं की तो उलटा बदलू लागतो. ओम्फासाइटच्या कडेला अतिशय बारीक, बोटांच्या ठशासारखी गुंतलेली वीण तयार होते. त्यात कमी सोडियमचं पायरॉक्सीन असतं आणि नव्याने परतलेलं प्लॅजिओक्लेज. या विणीला सिंप्लेक्टाइट म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ती हिरव्या दाण्याभोवतीच्या मळकट, अपारदर्शक कडेसारखी दिसते. गार्नेटभोवती काळपट हॉर्नब्लेंडचं कडं चढतं. असं कडं दिसलं तर खडक नापास करू नका. फेल्डस्पार मूळ विणीत आहे की फक्त कडांवर, हे बघा. कडांवरच असेल तर लिहा: परत फिरलेला एक्लोगाइट.

पायरी 7: प्रत्यक्ष जागा, लडाखचं त्सो मोरिरी

आंध्रातल्या अनंतपूर भागात कल्याणदुर्गजवळच्या किंबरलाइट या खोलातून आलेल्या ज्वालामुखी खडकामध्ये ज्वालामुखीने खालून उचलून आणलेले एक्लोगाइटचे गोटे मिळतात. पण डोंगरात जागच्या जागी एक्लोगाइट बघायचा तर लडाखला जा.

लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहे असं जायचं आणि माहेच्या पुलावरून सुमदोकडे वळायचं. सुमदोहून एक वाट पुगाच्या गरम झऱ्यांकडे जाते आणि दुसरी त्सो मोरिरी सरोवराच्या काठच्या कोरझोक गावाकडे. सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 4,500 मीटरवर आहे. मुंबईहून विमानाने लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी तिकडे धाव घेऊ नका. लेहमध्ये किमान दोन-तीन दिवस शरीराला सवय होऊ द्या. जून ते सप्टेंबर हा योग्य काळ. हा संरक्षित भाग आहे, सरोवराला 2002 पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही आहे. परवानगीशिवाय खडक फोडणं किंवा नमुने आणणं टाळा. भिंग, फोटो आणि वही एवढ्यावर खूप शिकता येतं.

इथला मुख्य खडक फिकट, पट्टेदार नाइस आहे. त्यात काळपट हिरवे, उशीसारखे किंवा भिंगाच्या आकाराचे गोळे दिसतील, काही हातभर तर काही खोलीएवढे. यांना बुडिन म्हणतात. नाइस मऊ पडून ताणला गेला, चिवट बेसॉल्टी थर ताणाखाली तुटला आणि त्याचे तुकडे असे गोळे होऊन राहिले. गोळ्याच्या कडेवर काळा अँफिबोलाइट असतो, कारण पाणी बाहेरून आत शिरलं. ताजा एक्लोगाइट बघायचा तर गोळ्याच्या मध्यभागाकडे जा. इथे आलेले बरेच जण काळी कड बघून माघारी फिरतात, आणि खरा ऐवज दोन पावलं आत राहून जातो.

या एक्लोगाइटमध्ये कोएसाइट असल्याचं देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. मूळ बेसॉल्टचं रसायन काश्मीरच्या पंजाल ट्रॅपशी जुळतं, म्हणजे लाव्हा सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वीचा. तो खोलात गेला सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी, भारताची उत्तरेकडची कड आशियाखाली शिरली तेव्हा. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे इकडे दख्खनचा बेसॉल्ट थिजून दीड-एक कोटी वर्षं झाली होती, तेव्हा त्याच भूपट्टाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा जुना भाऊबंद शंभरेक किलोमीटर खाली दाबला जात होता.

एक्लोगाइट एवढा जड, मग तो वर आला कसा? उत्तर त्या फिकट नाइसमध्ये आहे. खंडाच्या कवचाचा हा क्वार्ट्झ-फेल्डस्पारचा माल प्रावरणापेक्षा हलका. खाली खेचणारा भूपट्ट तुटला किंवा ओढ सैल झाली की नाइसचा मोठा पट्टा वर उसळतो आणि पोटातले एक्लोगाइटचे गोळे सोबत घेऊन येतो. म्हणून बुडिनचा फोटो काढताना भोवतालचा नाइसही चौकटीत घ्या. तो नसता तर हा दगड आपल्या हाती लागलाच नसता.

लेहकडे येताना कारगिलच्या वाटेवर वेळ असेल तर मुलबेकजवळच्या शेरगोल परिसरात नीलशिस्टही आहे. थंड वाटेचे दोन टप्पे एकाच प्रवासात होतात.

पायरी 8: आकडे आणि लेबल

तापमान काढायची रूढ पद्धत म्हणजे गार्नेट आणि ओम्फासाइटने लोह आणि मॅग्नेशियम आपसांत कसं वाटून घेतलं हे इलेक्ट्रॉन प्रोबने, म्हणजे बारीक ठिपक्याचं रसायन मोजणाऱ्या यंत्राने, मोजणं. तापमान जसं वाढतं तशी ही वाटणी समसमान होत जाते. दाबासाठी ओम्फासाइटमधलं जेडाइटचं प्रमाण बघतात, पण प्लॅजिओक्लेज नसल्यामुळे त्यातून फक्त किमान दाब मिळतो. हे विसरून तोच आकडा कमाल म्हणून लिहिलेले अहवाल मी तपासले आहेत. गार्नेटची कड आणि तिला प्रत्यक्ष चिकटलेला ओम्फासाइटचा दाणा, अशी जोडीच मोजा. गाभ्याचं गार्नेट आणि लांबचं ओम्फासाइट घेतलं तर दोन वेगळ्या काळांची सरमिसळ होते आणि आकडा निरर्थक येतो.

प्रयोगशाळेत तुकडा देण्याआधी लेबल तिथेच, जागेवर लिहा. तंबूत परतल्यावर सगळे हिरवे दगड सारखे दिसतात. माझ्या वहीतलं एक लेबल असं आहे, तुम्ही हाच नमुना वापरा:

बुडिन, लांबी 3.2 मीटर, नाइसमध्ये. नमुना मध्यापासून 40 सेंटीमीटरवर, परवानगीने. गार्नेट 2 ते 4 मिलिमीटर, तांबडं, कडं नाही. ओम्फासाइट ताजं, कोन जवळपास काटकोन. मूळ विणीत फेल्डस्पार नाही. कडेकडे 70 सेंटीमीटर काळा अँफिबोलाइट. क्वार्ट्झची एक शीर, 6 मिलिमीटर, तिच्या काठावर गार्नेट दुप्पट मोठं. गुरुत्व काढायचं आहे.